चौथ्या ठिकाणचं पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पर्यावरणाच्या अभ्यासवर्गासाठी शाळेने वरच्या वर्गातली सोळा मुलं निवडली, तेव्हा मोतीचं नाव त्यात नव्हतं. आयत्या वेळी कोणीतरी गळलं म्हणून तिला बोलावणं आलं. सहा आठवडे रोज सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत जायचं आणि दर बुधवारी वस्तीबाहेरच्या ओढ्यावर. सुट्टीत आपल्या पायांनी शाळेत जाणारी बहीण पाहून धाकटा भाऊ पोट धरून हसला. आई म्हणाली, घरात लोळत पडण्यापेक्षा बरं.  वडील रंगाच्या कारखान्याचा टँकर चालवायचे, आणि घरी आल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत.

मोती हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचं अक्षर सुरेख होतं, म्हणून चौथीतल्या बाईंनी तिला एकदा मोती म्हटलं आणि ते चिकटलं. भावाच्या मते ते कुत्र्याचं नाव होतं. जेवायला हाक मारायची तर तो दारात उभा राहून ‘यू यू’ करायचा. या अक्षरामुळेच अभ्यासवर्गात पहिल्या दिवशी पक्की वही तिच्याकडे आली. बाकीच्यांनी ओढ्यावर पेन्सिलीने कच्च्या नोंदी करायच्या आणि मोतीने त्या संध्याकाळी शाईने वहीत उतरवायच्या, असं ठरलं.

वर्ग घेणारे सर शाळेतले नव्हते. पाणीपुरवठा खात्यात पाणी तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हा वर्ग त्यांनी हौसेने सुरू केला होता. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, खिशात कायम दोन काचनळ्या. पाण्याविषयी बोलताना ते एखाद्या आजारी नातेवाइकाची चौकशी केल्यासारखे बोलत. ‘आज कसं आहे बघू या,’ म्हणत आणि ओढ्याकाठी उकिडवे बसत.

मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या. मोतीच्या वाट्याला जी मुलगी आली, तिचं नाव पहिल्याच बुधवारी जळू पडलं. पाण्यात उभी असताना तिच्या पोटरीला जळू लागली. दुसरी कोणी असती तर किंचाळून ओढा डोक्यावर घेतला असता. ही काठावर बसली, जळूचं वहीत चित्र काढलं, ती फुगायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात पाहिलं, आणि मग सरांना विचारलं की आता हिला काढू का. तेव्हापासून ती जळू. नाव तिला शोभतही होतं, कारण एखादा प्रश्न धरला की ती सोडायची नाही. मोतीला अशी मैत्रीण आधी कधी मिळाली नव्हती. जळू बोलायची भरपूर आणि मोतीला ऐकायला आवडायचं. पहिल्या आठवड्यातच दोघी एका डब्यातून खायला लागल्या.

ओढ्यावर सरांनी सात ठिकाणं ठरवली होती. प्रत्येक ठिकाणी पाणी आंबट आहे का ते कागदाच्या पट्टीने पाहायचं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, आणि जाळीने तळ खरवडून जे किडे येतील ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचे. पहिला बुधवार नुसतं हे शिकण्यात गेला. मोजणी दुसऱ्या बुधवारी सुरू झाली.

चौथं ठिकाण मोती आणि जळूचं होतं. तिथे ओढा वळण घ्यायचा आणि मोठ्या रस्त्यावरून एक कच्ची वाट झुडपांमधून थेट काठापर्यंत उतरायची. तिसऱ्या ठिकाणी पाणनिवळ्या होत्या, चतुरांच्या अळ्या होत्या, बोटभर मासेही होते. चौथ्या ठिकाणी ट्रेमध्ये एकही जिवंत गोष्ट आली नाही. पट्टी पाण्यात बुडवली तर ती लालभडक झाली. जळूने आणखी दोन पट्ट्या बुडवल्या. त्याही तशाच. काठावरचे दगड चुना फासल्यासारखे पांढरे पडले होते. कच्च्या वाटेवर जड गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. जळूने त्यांची रुंदी फूटपट्टीने मोजली आणि नक्षीचं चित्र काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी चौथ्या ठिकाणची बाटली उघडली. नाक बाटलीत खुपसायचं नाही, तोंडावरून हाताने वारा घ्यायचा, असं बजावून त्यांनी ती सगळ्यांमधून फिरवली आणि कशासारखा वास येतो ते सांगायला सांगितलं. कोणी म्हणालं जळकं रबर, कोणी म्हणालं नुकतीच रंगवलेली खोली. एकाने मोठ्या बहिणीचं नेलपॉलिश म्हटलं, तेव्हा सगळे हसले. मग बाटली मोतीकडे आली. तिने हाताने वारा घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

तो बाबांच्या शर्टाचा वास होता. आई ते शर्ट घरातल्या कपड्यांत मिसळायची नाही. मागच्या अंगणात वेगळ्या बादलीत धुवायची आणि दोरीच्या पार टोकाला वाळत घालायची. तरी दमट हवेत तो वास खिडकीतून आत यायचा. मोतीला तो लहानपणापासून तोंडपाठ होता. कारखान्याचाच वास तो, असं तिने धरून ठेवलं होतं. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला कारखान्याचा वास येणार, त्यात नवल काय.

सर तिच्याकडे बघत होते. ‘औषधासारखा आहे,’ ती म्हणाली आणि बाटली पुढे दिली.

सरांनी नंतर समजावलं की कोणीतरी वाटेने टँकर आणून इथे आम्लाचं पाणी सोडतंय, असं दिसतं. पण एका नोंदीवर कोणी जागचं हलणार नाही. निदान तीन बुधवार लागोपाठ हेच आकडे आले, तर आपण वरच्या कार्यालयाला लिहू, आणि पक्की वही जोडू. पुराव्याला वही लागते, म्हणाले, आणि मोतीकडे पाहून कौतुकाने हसले.

त्या संध्याकाळी मोतीने नोंदी उतरवल्या. आकडे सगळे जसेच्या तसे लिहिले. चाकांच्या नक्षीचं चित्र मात्र तिने उतरवलं नाही. पानावर जागा पुरत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

दोन दिवस गेले. कोणाला विचारावं आणि काय विचारावं, ते तिला कळेना. कारखान्याचं सांडपाणी साठ किलोमीटरवरच्या शुद्धीकरण केंद्रात पोचवायचं, हे बाबांचं काम होतं, एवढं तिला माहीत होतं. हल्ली बाबा लवकर घरी यायचे, तेही तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचा तिला आनंदच वाटला होता. रविवारी भाऊ बाहेर खेळायला गेला होता आणि आई शेजारी. बाबा एकटेच जेवायला बसले. मोतीने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

‘बाबा, आम्ही दर बुधवारी ओढ्यावर जातो. त्या वळणावर. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत.’

बाबांचा घास हातातच राहिला. ‘कशाला?’

‘पाणी मोजायला.’

‘बुधवारी,’ ते म्हणाले.

‘हो. फक्त बुधवारी.’

त्यांनी तो घास ताटात ठेवला, उठून हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. एवढंच बोलणं झालं. पुढे कित्येक वर्षं मोती हे बोलणं मनात घोळवत राहिली. आपण त्यांना थांबवायला गेलो होतो की वाचवायला, याचा निवाडा तिला कधी करता आला नाही. ‘सोडू नका’ असं ती म्हणाली नव्हती. ‘फक्त’ हा शब्द मात्र तिने आपणहून घातला होता.

तिसऱ्या बुधवारी चौथ्या ठिकाणी पट्टी जेमतेम नारिंगी झाली. चौथ्या बुधवारी ती पिवळसर हिरवी राहिली, म्हणजे तिसऱ्या ठिकाणासारखीच. सर म्हणाले, एखाद्या वेळचा प्रकार असेल, बरं झालं. मोतीने आकडे वहीत उतरवले. ते खरे आकडे होते. त्यात तिला खाडाखोड करावी लागली नव्हती, आणि तेच तिला जास्त खात होतं.

जळूचं समाधान झालं नाही. पाणी सुधारलं तर किडे का परतत नाहीत, असा तिचा धोशा होता. पाणी वाहून जातं, तासाभरात नवं येतं. किडे तिथेच राहतात. आपण जातो त्या दिवशीच पाणी चांगलं असतं आणि बाकीचे सहा दिवस काय होतं, ते किड्यांना विचारायला हवं. तिने सरांकडे दुसऱ्या एखाद्या दिवशी जाण्याचा हट्ट धरला. सरांना तिचं म्हणणं पटलं होतं, पण त्यांचे हात बांधलेले होते. पालकांची संमतिपत्रं, शाळेची गाडी, परवानगी, सगळं बुधवारचं होतं. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारून बघतो, म्हणाले.

जळूला पुढचा आठवडा फार लांब वाटला. शुक्रवारी डबा खाताना तिने मोतीला सांगितलं की आपण दोघी उद्या जाऊ. शनिवारी वर्ग लवकर सुटतो, दुपारी तिथे चिटपाखरूही नसतं, अर्ध्या तासात होईल. मोती म्हणाली, सर रागावतील. जळू म्हणाली, मग सरांना नको सांगू या. मोती म्हणाली, आईला बरं नाही, मला घरी थांबायला हवं. आईला काही झालेलं नव्हतं. जळूने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ‘बरं’ म्हणाली.

एकटी ती जाणार नाही, अशी मोतीने मनाची समजूत घातली. तरी संध्याकाळी बाबांना सांगायचं तिने ठरवलं होतं. पण त्या दिवशी बाबांचा जीव कधी नव्हे तो हलका होता. त्यांनी भावाची सायकल दुरुस्त केली, त्याला मागे बसवून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, आणि आई दारात उभी राहून हसत होती. त्या हसण्यावर पाणी ओतायला मोतीची जीभ रेटली नाही. सकाळी सांगू, असं म्हणत ती झोपली. सकाळी ती उठली तेव्हा बाबा कामावर गेले होते.

शनिवारी काय झालं, ते मोतीला तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं जळूच्या आईकडून, थोडं सरांकडून. बरंचसं चौकशीत बाबांच्या तोंडून.

दुपारी दीडच्या सुमाराला जळू शाळेची जाळी आणि पांढरा ट्रे घेऊन वळणाच्या थोडं खाली, झुडपांआड, गुडघाभर पाण्यात उतरली होती. तळाशी वाकून दगड उलटे करत होती. बाबांनी टँकर वाटेने उतरवला, नळी पाण्यात सोडली आणि व्हॉल्व्ह उघडला. इंजिनचा आवाज जळूला मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचाच वाटला, आणि त्या आवाजात बाबांना तिची चाहूल लागली नाही. टाक्या धुतलेलं ते पाणी तिच्यापर्यंत पोचायला मिनिटभर लागलं असेल. वाफेने तिचा श्वास कोंडला, ती पडली, उठली, पुन्हा पडली. बाबांना दिसला तो ट्रे. पाण्यावर तरंगत, गोल फिरत चाललेला, पांढरा. अशी वस्तू ओढ्यात कुठून आली, एवढा विचार त्यांनी केला आणि मग ते धावत सुटले.

त्यांनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. केबिनमध्ये आडवी घातली, पिण्याच्या पाण्याचे दोन्ही कॅन तिच्या तोंडावर आणि पायांवर ओतले. व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. नळी फरफटत, गळत्या टँकरनिशी त्यांनी भर बाजारातून गाडी हाकली आणि थेट रुग्णालयाच्या दारात उभी केली. कारखान्याचं नाव टँकरवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. बघायला सगळा बाजार होता.

डॉक्टरांनी विचारलं, मुलगी कशात पडली? तिथे बाबांना काहीही सांगता आलं असतं. सापडली म्हणून आणली, एवढं म्हणून निघून जाता आलं असतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून टँकरची पावती काढली आणि तिच्यावर लिहिलेली सगळी रसायनं डॉक्टरांना वाचून दाखवली. न येणारी नावं अक्षर अक्षर लावून वाचली. मग म्हणाले, मीच सोडलं. त्या पावतीमुळे वेळ वाचला आणि मुलगी वाचली, असं डॉक्टरांनी पुढे लिहून दिलं. त्याचा बाबांना उपयोग झाला नाही.

पोलीस आले तेव्हा ते रुग्णालयाच्या बाकावरच बसून होते. त्यांच्या पायाचे बूट कातडीसकट काढावे लागले.

कारखान्याने दुसऱ्याच दिवशी हात झटकले. टँकर केंद्रात रिकामा करायचा आमचा नियम आहे, चालकाने वेळ वाचवण्यासाठी परस्पर हा उद्योग केला, आम्हाला कल्पना नव्हती. केंद्र भरलंय, चार महिने ओढ्यात सोड, असं सुपरवायझरने बाबांना तोंडी सांगितलं होतं. तोंडी बोलण्याला साक्षीदार नव्हता. ‘माल पोचवला’ म्हणून सह्या मात्र सगळ्या बाबांच्या होत्या.

चौकशी शाळेतच झाली, प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत. दोन अधिकारी टेबलामागे बसले होते. एका बाजूला सर, मुख्याध्यापक आणि जळूचे वडील. दुसऱ्या बाजूला बाबा, दोन्ही पायांना पट्ट्या, शेजारी पोलीस. मोतीला बोलावलं ते वहीसाठी. तिने उभं राहून चौथ्या ठिकाणचे आकडे वाचले. दुसरा बुधवार. तिसरा. चौथा. आवाज कापू नये म्हणून ती एकेक आकडा जोर देऊन वाचत होती.

त्यातल्या वयस्क अधिकाऱ्याने चष्मा काढला. ‘हे बुधवारीच बरं पाणी कसं आलं? मुलं कधी येतात, हे तुम्हाला माहीत होतं का?’ त्याने बाबांना विचारलं.

मोतीने वही मिटली. आता बोलायचं, असं तिने ठरवलं. ओठ उघडलेही.

‘होतं,’ बाबा म्हणाले. ‘शाळेच्या फाटकावर वेळापत्रक लावलेलं होतं. येता-जाता वाचलं.’

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. फाटकावर कसलंही वेळापत्रक कधी लागलं नव्हतं. हे त्या खोलीत तिघांना पक्कं माहीत होतं: बाबांना, मोतीला आणि सरांना. सरांनी मान वर केली आणि मोतीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. काचनळी खिशातून काढून त्यांनी ती उगाच रुमालाने पुसली. मुख्याध्यापक कुजबुजले की फाटकावर काही लावायला आपण परवानगी दिली नव्हती, पण ते स्वतःची बाजू सांभाळत आहेत असं समजून कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. मोती खाली बसली. तिचं तोंड उघडंच होतं, ते तिने मिटलं.

दोन दिवसांनी वही परत करायला ती सरांच्या घरी गेली. त्यांनी ती घेतली, चाळली, आणि दुसऱ्या बुधवारच्या पानावर थांबले. चाकांची खूण कच्च्या कागदावर होती, इथे का नाही, असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले की चूक त्यांचीच आहे. दुसऱ्या बुधवारीच कार्यालयात जाऊन बसायला हवं होतं, पण त्यांना नेटका पुरावा हवा होता. तीस वर्षं नोकरी करून ही एक खोड लागली. मग दारापर्यंत तिला सोडायला आले. काही बोलतील असं वाटून ती थांबली, पण त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

घरी आईला तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात चालूच राहिले. मोतीला वाटलं होतं, आई मारेल, निदान रडेल तरी.

‘मला काय नाक नव्हतं?’ आई शेवटी म्हणाली. ‘चार महिने मी ते शर्ट धुतले. आधी इतका उग्र वास नव्हता. साठ किलोमीटर जाऊन येणारा माणूस तीनच्या आत घरी कसा येतो, ते मला कळत नव्हतं? मी विचारलं नाही. लवकर येतोय, पोरांत बसतोय, म्हणून गप्प बसले.’ तिने पुढचा कपडा उचलला. ‘तू निदान काहीतरी बोललीस.’

हे ऐकून मोतीला हलकं वाटायला हवं होतं. तिला अधिकच कोंडल्यासारखं झालं. घरातली दोन माणसं गप्प राहिली आणि एक बोललं ते भलतंच बोललं, आणि ते सगळं मिळून तिसऱ्याच घरच्या मुलीच्या छातीत जाऊन बसलं होतं.

जळू पाच आठवड्यांनी घरी आली. मोती तिच्याकडे जायला आणखी आठ दिवस धजावली नाही. गेली तेव्हा दार जळूच्या आईने उघडलं. त्या बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, बस म्हणाल्या. तुझ्या वडिलांनी आणलं नसतं तर, असं काहीतरी बोलायला लागल्या आणि मधेच थांबल्या, कारण त्या वाक्याचा पुढचा भाग कोणालाच म्हणता येण्यासारखा नव्हता.

जळू पलंगावर उशांना टेकून बसली होती. पाय चादरीखाली होते. ती वाळली होती, पण डोळे तेच, धरलं की न सोडणारे. बोलताना तीन-चार शब्दांवर तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता, आणि त्या श्वासाला फाटक्या पिशवीसारखा आवाज होता. आई स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून मोतीने दार लोटलं आणि सांगायला सुरुवात केली. बाटलीच्या वासापासून शुक्रवारच्या खोट्या आजारापर्यंत. मधे थांबली नाही, माफीही मागितली नाही. माफी मागितली की पुढचं सांगता येणार नाही, अशी तिला भीती होती.

जळूने सगळं ऐकून घेतलं. 

‘तू मला सांगायला हवं होतंस,’ ती म्हणाली.

‘हो. मग तू गेली नसतीस.’

‘गेले असते.’ तिने श्वास घेतला. ‘पण वाट बघत... वर उभी राहिले असते. टँकर आला की... तुझ्या बाबांना हाक मारली असती. काका म्हणून.’

 मोतीने चादरीच्या कडेला हात लावला. जळूने पाय थोडे आत ओढून घेतले.

‘आता जा,’ जळू म्हणाली. ‘बोललं की... दम लागतो.’

त्यानंतर दोघी भेटल्या नाहीत. जळू हे कोणाला तरी सांगणार आणि आपल्याला बोलावणं येणार, अशी वाट मोतीने महिनोन् महिने पाहिली. दारावर थाप पडली की ती आधी खिडकीतून बघायची. कोणी आलं नाही. जळूने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. दयेने की रागाने, ते मोतीला कळायचा मार्ग उरला नाही, कारण तिकडची हवा कोरडी म्हणून जळूला तिच्या आईवडिलांनी मावशीकडे, दूरच्या गावी ठेवलं. वर्षभराने तिथूनच तिने परीक्षा दिल्याचं कोणीतरी सांगितलं. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तिचा वर्ग तळमजल्यावर हलवला होता, असंही ऐकलं.

कारखान्याला दंड झाला, तो त्याने भरला आणि काम चालू राहिलं. सुपरवायझरची बदली झाली, बढतीवर. पुढच्या उन्हाळ्यात अभ्यासवर्ग भरला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सरांच्या बाटल्या आणि जाळ्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. मग कपाट कोणाला तरी हवं होतं म्हणून त्या कुठेतरी गेल्या. वळणावरची कच्ची वाट मोठे दगड टाकून बंद केली. चतुर परतले का, ते बघायला कोणी गेलं नाही. मोतीही गेली नाही.

बाबांना तीन वर्षांची शिक्षा झाली. महिन्यातून एका रविवारी आई आणि मोती तुरुंगात भेटायला जायच्या. भाऊ पहिल्यांदा आला आणि नंतर यायला नको म्हणू लागला. जाळीच्या दोन्ही बाजूंना बाक होते, वीस मिनिटं मिळायची. बाबा भावाच्या अभ्यासाचं विचारायचे, छपराच्या गळक्या पत्र्याचं विचारायचे, आणि मग विषय संपले की स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे. मोतीने दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दर वेळी ते भलतंच काहीतरी विचारून तिला अडवत. ते तिला बोलू देत नव्हते, आणि ती त्यांची माया होती, हे तिला समजत होतं. तरी ती माया तिला पेलवत नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारी आई शिपायाकडे साबणाची वडी आणि पंचा द्यायला गेली होती. दोघंच समोरासमोर होते. मोतीने त्यांना अडवायला वेळच दिला नाही.

‘मी जळूला सगळं सांगितलं, बाबा. मी तुम्हाला काय सांगितलं होतं ते.’

बाबांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. ते जाळीजवळ सरकले. ‘कधी?’

‘तेव्हाच. ती घरी आल्यावर.’

‘काय म्हणाली?’

‘मी तिला आधी सांगितलं असतं तर वाटेवर उभी राहिली असती म्हणाली. तुम्हाला काका म्हणून हाक मारली असती.’

बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.  शेजारच्या बाकावर कोणीतरी कोणाला घरच्या बातम्या सांगत होतं. कुणाचं तरी लग्न ठरलं होतं.

‘मी थांबलो असतो,’ बाबा म्हणाले. ‘तिने हाक मारली असती ना, तर मी थांबलो असतो.’

‘आणि मी म्हटलं असतं तर?’

हे विचारायचं मोतीने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, उत्तर देण्यासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात आई परत येऊन बाकावर बसली. साबण घेतला, पण पंचा घेत नाहीत, म्हणाली, नियम बदललाय. बाबा म्हणाले, असू दे, आहे माझ्याकडे एक. मग त्यांनी पत्र्याचं विचारलं. आईने सांगितलं की यंदा डांबर लावून घेतलंय, बघू किती टिकतं ते. वीस मिनिटं संपली. शिपाई पुढच्या माणसांना आत सोडायला लागला, तशा दोघी उठल्या आणि बाहेरच्या उन्हात बसची वाट बघत उभ्या राहिल्या.